हॉल एक, कामे पाच

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: घर तेवढेच राहिले, घरातली कामे मात्र वाढली, आणि आता प्रत्येकाला आपल्या कामापुरती स्वतंत्र जागा हवी आहे. कोल्हापूर शहर आणि परिसरातून आलेली चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातली अडचण थोड्याफार फरकाने अनेकांनी कळविली आहे.

प्रश्न : आमचा राजारामपुरीत हॉल, स्वयंपाकघर आणि दोन बेडरूम असा लहान फ्लॅट आहे. घरात पाच माणसे आहेत. यजमानांचे पुण्याच्या कंपनीचे काम आठवड्यातून तीन दिवस घरून चालते, थोरली मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, धाकटा आठवीत आहे, सासूबाईंना दुपारी तास-दोन तास शांतपणे आडवे व्हावे लागते, आणि मी ब्लाउज शिवून देते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, पुस्तके आणि कापडाचे तुकडे एकत्र पडलेले असतात आणि जेवायची वेळ झाली की रोज वादावादी होते. सुतार म्हणतो की 10 बाय 15 फुटांच्या हॉलमध्ये प्लायवूडचे पार्टिशन घालून देतो. घालावे का?

उत्तर : सुताराला तूर्त थांबवावे. हॉलच्या मधोमध पार्टिशन घातल्यास 10 बाय साडेसात फुटांच्या दोन पेट्या तयार होतील, त्यातल्या एकीच्याच वाट्याला खिडकी येईल, आणि पंख्याची जागा बदलण्याचा खर्च वेगळा होईल. छतापर्यंत न गेलेले प्लायवूड नजर अडविते, पण आवाज अडवीत नाही. यजमानांची मीटिंग आणि आपल्या मशीनची खडखड एकमेकांना आजच्याइतकीच ऐकू येईल. फक्त दोघांनाही वारा कमी मिळेल.

आपल्याकडील जुन्या घरांकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पुढचा सोपा, माजघर, मागचे परडे, वरची माडी ही नावे घरातल्या ठिकाणांची आहेत, कामांची नाहीत. माजघर म्हणजे मधले घर, एवढेच. तेथे सकाळी धान्य निवडले जाई, दुपारी पाट मांडले जात आणि रात्री वळकट्या उलगडल्या जात. कामाचे नाव मिळाले ते स्वयंपाकघराला, न्हाणीघराला, देवघराला आणि बाळंतिणीच्या खोलीला. जेथे विस्तव आहे, पाणी आहे, सोवळे आहे, किंवा ज्या माणसाला हलविता येत नाही, तेथेच त्या घरांनी कायमची खोली खर्ची घातली. बाकीची कामे फडताळातून, कोनाड्यातून आणि खुंटीवरून बाहेर येत आणि आटोपली की तेथेच परत जात. आपल्या फ्लॅटलाही हाच नियम लावावा, असे माझे मत आहे. काम अर्धवट टाकून उठल्यावर ते तसेच पडून राहिले तर चालते की नाही, हा प्रश्न घरातल्या प्रत्येक कामाला विचारावा. ज्याचे उत्तर ‘तसेच राहू द्यावे लागते’ असे येईल, त्याला कायमची जागा द्यावी. ज्याचे उत्तर ‘उचलून ठेवता येते’ असे येईल, त्याला फडताळ द्यावे.

ही कसोटी लावली, तर कायमच्या जागेवर पहिला हक्क आपल्या शिवणकामाचा येतो. पत्रातल्या यादीत आपण स्वतःचे काम सर्वांत शेवटी लिहिले आहे, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. लॅपटॉप मिटला की काम जेथल्या तेथे थांबते. अर्धी लावलेली बाही, टाचण्यांनी जोडलेले अस्तर आणि खडूने आखलेला गळा मात्र रोज तीनदा उचलता येत नाही, आणि उचलला तर आठवीतल्या मुलाच्या पायात टाचणी जाते.

मशीन हॉलच्या खिडकीशी, आणि उजव्या हाताने काम करीत असाल तर उजेड डाव्या बाजूने येईल, असे बसवावे, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. गडद रंगाच्या कापडावर गडद दोरा घालायची वेळ संध्याकाळी येतेच, तेव्हा छतावरच्या दिव्यावर विसंबू नये. मान वळणारा एक लहान दिवा सुईजवळ हवा. शिवताना प्रत्येक जोडावर इस्त्री फिरवावी लागते, म्हणून इस्त्रीचे फळकुट मशीनपासून एका पावलावर असावे आणि इस्त्रीसाठी भिंतीतला स्वतंत्र सॉकेट ठेवावा. लॅपटॉपच्या एक्स्टेन्शनवर हजार वॅटची इस्त्री लावणे, हे अनेक घरांत मी पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी त्या वायरला हात लावून पाहिला आहे. ती गरम असते. गिऱ्हाइके माप द्यायला येतात, म्हणून मशीन दाराच्या बाजूला असणे सोयीचे आहे. घरातल्या निजलेल्या माणसांवरून कोणाला आत न्यावे लागत नाही. कापड बेतायला मात्र कायमची जागा अडवू नये. बेतणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, ते जेवणाच्या टेबलावर सकाळी 11 च्या सुमारास उरकावे आणि कात्री, टेप, खडू एका उथळ ट्रेमध्ये घालून मशीनखालच्या कप्प्यात सरकवावे. गिऱ्हाइकाचे प्रत्येक कापड अस्तर, हुक आणि मापाच्या चिठ्ठीसह वेगळ्या पिशवीत घालून खुंटीला टांगले, तर हॉलमधला निम्मा पसारा तेवढ्यानेच नाहीसा होईल.

उरलेल्या चौघांची वाटणी नात्याने न करता आवाजाने करावी. आपण लिहिले आहे की सध्या एका बेडरूममध्ये आपण दोघे आणि दुसऱ्या खोलीत सासूबाई व दोन्ही मुले असतात. रात्रीसाठी ती व्यवस्था ठीक आहे. दिवसा मात्र अभ्यास करणारी मुलगी आणि निजणारी आजी यांचे उत्तम जमते, कारण दोघींनाही शांतता हवी असते आणि दोघींकडूनही आवाज होत नाही. त्या खोलीत खिडकीलगत साडेतीन फूट लांब आणि दोन फूट रुंद टेबल मुलीचे म्हणून कायमचे राहू द्यावे, कारण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात उघडी ठेवलेली चार पुस्तके मिटली की धागा तुटतो. पडदा ओढून आजी निजली, तरी मुलीला टेबलावरचा दिवा पुरेल. एखाद्या दिवशी घरात पाहुणे आले, तर तिने खुशाल अभ्यासिका गाठावी. घराबाहेर वाचनाची बैठक मांडण्याची या गावाची सवय करवीर नगर वाचन मंदिराइतकी, म्हणजे 1850 पासूनची आहे.

यजमानांचे काम बोलण्याचे आहे, म्हणून ते आपल्या बेडरूममध्ये, दार लावून व्हावे. टेबलाची उंची 28 ते 30 इंच, खुर्चीत बसल्यावर कोपर टेबलाच्या पातळीत, आणि स्क्रीन हातभर अंतरावर, एवढे जमले तरी पाठीची तक्रार पुष्कळ कमी होते. खिडकी बाजूला असावी. ती पाठीशी आली तर मीटिंगमध्ये चेहरा काळा दिसतो आणि समोर आली तर दुपारी डोळे दिपतात. आठवड्यातले तीनच दिवस काम असल्याने या टेबलाला कायमची मालकी देऊ नये. लॅपटॉप, चार्जर आणि वही ज्यात मावेल असा एक खण पुरे आहे, आणि उरलेल्या दिवशी त्या टेबलावर घड्या घालण्यासाठी धुतलेले कपडे आले तर त्यांनी नाक मुरडू नये.

धाकट्याला मुद्दाम वेगळी जागा करू नका. आठवीतला मुलगा कोणाच्या तरी नजरेसमोरच अभ्यास करतो. त्याला जेवणाचे टेबल, दप्तरासाठी खुंटी आणि वह्या-पुस्तकांसाठी चाके असलेला एक खोका द्यावा आणि जेवणाआधी खोका ढकलून नेणे हे त्याचे काम ठरवावे.

येथे माझी एक फजिती सांगणे उपयोगी पडेल. माझ्या घरी मी भिंतीला बिजागरीने लावलेले, मिटता येणारे टेबल मोठ्या हौसेने करून घेतले. पहिल्या महिन्यात ते रोज मिटत असे. दुसऱ्या महिन्यात त्यावर वर्तमानपत्रे साचू लागली, आणि गेली कित्येक वर्षे ते उघडेच आहे. टेबल मिटण्यापूर्वी त्यावरच्या वस्तू कोठे जाणार, हे मी ठरविलेच नव्हते. तेव्हापासून मी कोणालाही बसायची जागा सुचविण्याआधी हाताच्या अंतरावर एक रिकामा कप्पा शोधते, आणि तो सापडला नाही तर ती जागा बाद करते.

आणखी एक काम आपल्या यादीत नाही, आणि ते कोणाच्याच यादीत नसते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे पाऊस उघडीप देत नाही आणि पाच माणसांचे ओले कपडे हॉलमध्ये खुर्च्यांच्या पाठींवर येतात. बाल्कनीच्या छताला दोरीने वर-खाली होणाऱ्या कपड्यांच्या दांड्या लावून घ्याव्यात. बाल्कनी नसेल, तर त्या हॉलच्या पंख्याचा वारा लागेल अशा ठिकाणी असाव्यात; फक्त मशीनच्या वर नकोत, कारण ठिबकणारे पाणी गिऱ्हाइकाच्या रेशमावर पडले, तर भरपाई आपल्यालाच करावी लागेल.

हे सारे करण्यापूर्वी आठ दिवस एक साधी नोंद ठेवावी: कोण, कोठे, किती वाजता बसले आणि त्याला कोणामुळे उठावे लागले. सुताराला बोलावायचेच असेल, तर ती नोंद हातात घेऊन बोलवावे. मला वाटते, तो पार्टिशनऐवजी दोन टेबले आणि एक कपाट करून जाईल.

प्रश्न : शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या बाजूला आमचे जुने दुमजली घर आहे. 2019 आणि 2021 अशा दोन्ही महापुरांत खालच्या मजल्यात पाणी शिरले होते. आता घराची दुरुस्ती काढली आहे. खाली सोप्यात मुलाचे ऑफिस, माजघरात नवे स्वयंपाकघर व कोठीची खोली, आणि माडीवर झोपण्याच्या खोल्या असा आराखडा आहे. काही बदल सुचवाल का?

उत्तर : आराखडा उलटा करावा. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट धरली जाते. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेले. आपल्या घराला यापेक्षा उपयोगाचा आकडा आपल्याच भिंतीवर आहे. 2021 च्या पाण्याची रेघ शोधावी, फरशीपासून तिची उंची मोजावी आणि सर्व खोल्यांतून दोरी धरून खडूने ती आखून घ्यावी. रंगाऱ्याने ती पुसण्याआधी हे काम व्हावे.

पंचगंगेचे पाणी सहसा एका रात्रीत अंगावर येत नाही, ते फुटाफुटाने चढते आणि बातम्या आधी येतात. म्हणून खालच्या मजल्यावर काय ठेवायचे, हे ठरविताना वस्तू महाग आहे की स्वस्त हे पाहण्यापेक्षा ती किती जणांना, किती वेळात माडीवर नेता येते हे पाहावे. खुर्च्या, सतरंज्या, सायकल, व्यायामाचे साहित्य आणि अवजारे खाली चालतील. मुलाचे ऑफिस, म्हणजे संगणक, फायली आणि गिऱ्हाइकांची कागदपत्रे, माडीवर न्यावे आणि सोप्यात त्याची फक्त बैठक ठेवावी; आल्यागेल्याशी बोलायला सोप्यासारखी जागा नाही आणि तेथे बाकाखेरीज काही लागतही नाही. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी 50 किलोच्या पुढे भरते आणि ऐन वेळी ती जिन्यावरून कोणी नेत नाही, तेव्हा ती पहिल्या दिवसापासून वरच असावी.

स्वयंपाकघराबाबत मी ठाम आहे. ते माडीवर न्यावे. सांडपाण्याच्या नळीचा खर्च आड येत असेल, तर निदान माडीवर एक ओटा, एक मोरी आणि शेगडीपुरती जागा करावी, म्हणजे पुराच्या दिवसांत कुटुंबाचे हाल होणार नाहीत. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि टाकीसह त्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते; पाणी दारात येण्याआधी रेग्युलेटर काढून, झाकण लावून तो वर गेला पाहिजे. कोठीची खोली खाली ठेवण्याचा विचार सोडावा. भिजलेले धान्य दोन दिवसांत आंबते आणि त्या वासासह ते उपसावे लागते, हे आपल्या पेठेत कोणाला सांगायला नको.

खालच्या मजल्यावर प्लायवूड वापरूच नये. शहाबादी किंवा कडाप्प्याच्या फळ्या भिंतीत बसवाव्यात, त्या पाण्यात राहिल्या तरी धुऊन पुसून पुन्हा वापरता येतात. वायरमनला सांगून खालच्या मजल्याचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, वेगळा करून घ्यावा आणि सॉकेट रेघेच्या वर न्यावेत. रेघ डोक्याच्याही वर असेल, तर सॉकेट मोजके ठेवावेत आणि पाणी येण्याआधी तो एमसीबी बंद करण्याची जबाबदारी घरातल्या एका माणसावर सोपवावी. भिंती जुन्या, चुन्यातल्या असतील, तर त्यांना ऑइलपेंट किंवा प्लास्टिक रंग देऊ नये. अशी भिंत ओल पिते आणि हळूहळू बाहेर टाकते. वरून रंगाचा पापुद्रा बसला की ओल आत कोंडते आणि पुढे पोपडे धरतात. चुन्याची सफेदी दिसायला साधी आहे, पण दरवर्षी घरच्या घरी देता येते.

प्रश्न : हुपरीत आमच्या घरी चांदीच्या पैंजणांना घुंगरू जोडण्याचे काम आम्ही जावा-जावा मिळून करतो. काम जमिनीवर बसून चालते. लहान मुले रांगत येतात, वस्तू हरवतात आणि वजन देताना तूट येते. खोली वेगळी काढणे शक्य नाही.

उत्तर : खोली नको, काठ हवा. बोटभर उंच काठ असलेला लाकडी पाट किंवा मोठे ताट प्रत्येकीपुढे ठेवावे आणि त्याखाली फिक्या, एकरंगी कापडाची सतरंजी पसरावी. कडी किंवा घुंगरू उडाले, तर काठाला अडकेल किंवा कापडावर दिसेल. चांदीचा कण मोलाचा असतो, म्हणून काम संपल्यावर सतरंजी झटकू नये. चारी कोपरे आत घेऊन मधोमध गोळा झालेले डबीत टिपावे. काम सुरू करताना आणि उठताना प्रत्येकीने आपल्या ताटातल्या मालाचे वजन वेगवेगळे लिहावे, म्हणजे तूट कोठे आली हे जावांच्या बोलाचालीवर न जाता कळेल.

आपण लिहिले नाही, पण कोणी घरातच गॅसच्या ज्योतीवर डाख देत, म्हणजे धातू वितळवून सांधे जोडत असेल, तर ते काम या बैठकीपासून तोडावे. ज्योत आणि डाखाचा धूर यांना मोकळी हवा लागते, जवळ पडदे-अंथरुणे चालत नाहीत, आणि रांगते मूल तर मुळीच चालत नाही. परड्यात पत्र्याखालची, तिन्ही बाजूंनी उघडी जागा त्यासाठी योग्य आहे. येथे सोय-गैरसोय पाहू नये.

प्रश्न : कळंब्याला अपार्टमेंटमध्ये राहायला आल्यापासून उन्हाळी कामांची पंचाईत झाली आहे. चटणी, पापड, सांडगे यांसाठी फ्लॅटमध्ये जागा कोठून काढावी?

उत्तर : वर्षातून चार-सहा दिवस होणाऱ्या कामासाठी फ्लॅटमध्ये जागा काढू नये; त्याच्यासाठी एक मोठा पत्र्याचा डबा काढावा. सुती धोतराचे तुकडे, प्लास्टिकचा कागद, चाळण, सोऱ्या, मिरच्यांसाठी हातमोजे आणि वारा आला तर कापडावर ठेवायच्या चार विटा, एवढे त्या डब्यात घालून तो माळ्यावर चढवावा, आणि मार्च संपताना उतरवावा. गच्ची सर्वांची असल्याने तारखा आधी ठरवून घेणे बरे, कारण एकाच दिवशी एकीचे सांडगे आणि दुसरीच्या मिरच्या शेजारी आल्या की शिंकांवरून वाद होतात. मिरच्या उन्हातून काढल्यावर लगेच डब्यात कोंडू नयेत. घरात पसरून निववाव्यात आणि मग डंगावर, म्हणजे मिरची कांडण्याच्या यंत्रावर, न्याव्यात.

चटणी तयार झाल्यावर मात्र तिला वर्षभराची कायमची जागा लागते, आणि ती शेगडीच्या वरच्या फळीवर नको, जेथे बहुतेकजणी सोयीसाठी ठेवतात. तेथली ऊब आणि वाफ यांनी रंग उतरतो आणि पावसाळ्यात बुरशी धरते. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरावी, वर हिंगाचे खडे ठेवावेत, तोंडाला दादरा, म्हणजे स्वच्छ फडके, बांधावा आणि बरणी ओट्यापासून दूर, अंधाऱ्या कपाटात तळाशी ठेवावी. रोजच्या वापरासाठी आठवडा पुरेल एवढी लहान डबीत काढावी, आणि बरणीत हात घालणाऱ्याचा चमचा कोरडा आहे ना, हे घरातल्या सर्वांत कडक माणसाने पाहावे.